‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढ्यावर बातमी थांबवू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

घाटातल्या अपघाताची बातमी आली की मी ती दोनदा वाचतो. पहिल्यांदा माणसं वाचली का ते बघायला आणि दुसऱ्यांदा कारण काय दिलंय ते बघायला. कारण बहुतेक वेळा एकाच ओळीत उरकलेलं असतं : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ वीज पडली किंवा दरड आली, तसेच ब्रेक निकामी झाले, असं ते वाक्य वाचताना वाटतं. मी तेवीस वर्षं ओतूर भागातून कल्याणच्या मार्केटला पिकअपने माल नेतोय. माळशेज घाट मी किती वेळा उतरलो याचा हिशोब ठेवलेला नाही. एकदा माझेही ब्रेक गेले. त्या दिवशी ताबा सुटला नाही, म्हणून माझी बातमी झाली नाही. ब्रेक का गेले ते मला नंतर समजलं आणि ते कारण इतकं साधं, इतकं स्वस्त आणि इतकं टाळता येण्यासारखं होतं की गेली काही वर्षं मी भेटेल त्या गाडीवाल्याला ते सांगतोय. माझ्या सांगण्याला मर्यादा आहे, आपला पेपर गावोगाव जातो. म्हणून हे पत्र. लांबलं तर माफ करा, पण कापताना मधला भाग कापू नका ही विनंती.

माझी पिकअप २००९ सालची. २०१४ मध्ये मी ती एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम ब्रेक. इंजिन ऑईल, ग्रीसिंग, टायर यांत मी कधी कसूर केली नाही. ब्रेकचे पॅड आणि मागचे लायनर झिजले की लगेच टाकत होतो. ब्रेक ऑईलकडेही लक्ष होतं असंच मी समजत होतो. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा जोर ऑईलला देणाऱ्या नळकांड्यावर, ती छोटी पांढरी टाकी दिसते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. ऑईल खालच्या रेघेपाशी आलं की बाटली घ्यायची, वरच्या रेघेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं. चार वर्षं मी एवढंच करत आलो.

२०१८ चा ऑक्टोबर होता. पाऊस संपून कडक ऊन पडलेलं. दुपारी टोमॅटोचे साठ क्रेट भरून निघालो, म्हणजे बाराशे किलो माल आणि वर क्रेटचं वजन. गाडीचं स्वतःचं वजन धरून तीन टनांच्या आसपास. खुबी फाटा सोडून घाटाला लागलो तेव्हा पाच वाजले असतील. पुढं एक लोड ट्रक सावकाश उतरत होता, त्याच्या मागं मी. त्याने दाबला की मी दाबायचा, त्याने सोडला की मी सोडायचा. तिसऱ्या गिअरमध्ये होतो, ही माझी पहिली चूक. मधल्या एका वळणावर टेम्पो बंद पडला होता आणि दोन्हीकडची वाहनं थांबली होती. आम्ही पाच-सात मिनिटं तिथं उभे राहिलो. खाली उतरलो तर पुढच्या चाकांतून करपलेला वास येत होता. तो घाटात नेहमीच येतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

रस्ता मोकळा झाला. गाडी सोडली, पहिल्या उताराला वेग आला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट खाली गेलं. ओल्या चिखलात पाय जावा तसं, कुठंही अडलं नाही. बुटाला खालचा पत्रा लागल्याचं मला जाणवलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पटापट चार-पाच वेळा मारल्यावर किंचित काही तरी हाताशी आलं, पण ते तीन टन धरण्याजोगं नव्हतं. गिअर तिसऱ्याचा दुसऱ्यात ओढला. गाडी किंचाळली, पण दबली. मग हँडब्रेक एकेक दात वर घेत गेलो, एकदम ओढला असता तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी झाली असती. पुढच्या वळणाआधी डोंगराच्या अंगाला पावसाळ्यात आलेली दरड ढकलून ठेवलेला मातीचा ढिगारा होता. पहिला गिअर टाकून त्या मातीत तोंड घातलं. पाच-सहा क्रेट केबिनवर येऊन आदळले, बंपर वाकला, एवढंच. शेजारी माझा भाचा बसला होता. त्याचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. तो खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला नुसता बसून राहिला, बराच वेळ एक शब्द बोलला नाही.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. अर्ध्या-पाऊण तासाने मी उगाच म्हणून पेडल दाबून बघितलं, तर ब्रेक जागेवर! पेडल कडक, नेहमीच्या उंचीला. चाकापाशी ऑईलचा एक थेंब सांडलेला नव्हता. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरलेली. मी पहिल्या गिअरमध्ये मोरोशीपर्यंत उतरलो, माल उशिराने पोहोचवला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला दाखवली. त्यांनी चक्कर मारली, चार ब्रेक मारले आणि म्हणाले, ब्रेक तर कडक आहेत, तुम्हाला भास झाला असेल. दुसऱ्या गॅरेजला नेली. त्यांनी पॅड घासून दिले, पैसे घेतले. भास म्हणावं तर शेजारी भाचा होता आणि बंपर वाकलेला होता. पंधरा दिवस मी घाटात गाडी घातली नाही. गाडीच्या हप्त्याचे पैसे बहिणीकडून घेतले.

शेवटी आळेफाट्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही, एकच विचारलं : ‘ऑईल शेवटचं कधी बदललं?’ मी म्हटलं, कमी पडलं की भरतो, टाकी कायम फुल असते. ते म्हणाले, ‘भरलं कधी ते विचारलं नाही. बदललं कधी?’ मला उत्तर देता येईना. ब्रेक ऑईल बदलायचं असतं हेच मला चार वर्षांत, किंबहुना गाडी चालवायला लागल्यापासून, कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पुढच्या चाकाच्या निपलला, म्हणजे ब्रेकमधलं ऑईल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक काचेच्या बरणीत सोडलं आणि मला पेडल दाबायला सांगितलं. नवीन ब्रेक ऑईल पातळ मधासारखं असतं, पिवळसर, आरपार दिसणारं. माझ्या गाडीतून जे आलं ते तीनदा उकळलेल्या कोऱ्या चहासारखं होतं. मागच्या चाकातून आलं त्याच्या तळाला तर तपकिरी गाळ बसला. बोटांत चोळून बघितला तर कचकच लागली. गंज होता तो.

हे असं का होतं, ते मी त्यांच्याकडून आणि नंतर वाचून समजून घेतलं. डॉट ३ आणि डॉट ४ या नावाने मिळणारं ब्रेक ऑईल हे नावापुरतंच ऑईल आहे. इंजिन ऑईलसारखं ते खनिज तेल नाही, ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि त्याचा गुणच असा की ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्या डब्यातलं मीठ जसं पाझरतं, तसं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते तिथून, रबरी होजच्या पोटातून, हळूहळू पाणी आत जात राहतं. गाडी उभी असली तरी जातं. जुन्या गाडीचे होज म्हातारे झालेले असतात, झाकणाचं रबर चिरलेलं असतं, त्यामुळे तिथं जास्त जातं. आणि आमच्या भागात तर चार महिने हवा नुसती ओली असते.

पाणी गेलं म्हणून काय बिघडतं? कोरडं, नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं प्रमाण आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की त्याच ऑईलला १५५ अंश पुरेसे धरले जातात. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. माझ्या गाडीच्या सगळ्या लाइनमध्ये मिळून एक लिटरच्या आतच ऑईल बसतं. त्याचे पावणेचार टक्के म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या दहा मिलीच्या झाकणाने चार झाकणंही भरत नाहीत. एवढ्याशा पाण्याने ऑईलची सहनशक्ती पाऊणशे अंशांनी खाली येते.

दुसऱ्या बाजूला उष्णता बघा. माझी मुलगी तेव्हा बारावी सायन्सला होती. तिला मी विचारलं, तीन टनांची गाडी उतारावर धरून ठेवायची तर किती उष्णता निर्माण होते? तिने वहीत गणित करून दाखवलं : दर शंभर मीटर उंची उतरल्यामागे सुमारे २९ लाख ज्यूल. मी म्हटलं, मला समजेल असं सांग. ती म्हणाली, बाबा, दहा लिटर पाणी गार असताना चुलीवर ठेवून उकळी फुटेपर्यंत जेवढी उष्णता लागेल तेवढी. आणि घाट काही शंभर मीटरचा नाही. यातली काही उष्णता खालच्या गिअरमध्ये इंजिन खाऊन टाकतं, काही वाऱ्याने जाते. पण गाडी वरच्या गिअरमध्ये असेल तर जवळजवळ सगळा भार त्या चार चाकांच्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की डिस्क काही शे अंश तापते. चालत्या गाडीला वारा लागतो. गाडी थांबली की वारा बंद, आणि डिस्क-पॅडमधली धग कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतून, आतल्या ऑईलमध्ये शिरते. आम्ही टेम्पोमागं पाच-सात मिनिटं उभे होतो, तेव्हा माझ्या ब्रेकमध्ये नेमकं हेच चाललं होतं. आतलं पाणी मिसळलेलं ऑईल उकळलं आणि त्याची वाफ झाली. ऑईल दाबलं जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, जोर वाफेत मुरतो, चाकाला काही कळतच नाही. पुन्हा सगळं थंड झालं की वाफेचं पाणी होतं आणि पेडल जागेवर येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. अपघातानंतर गाडी तपासणाऱ्यालाही तासाभराने ब्रेक कडक लागत असणार. मग दोष कुणाचा? ड्रायव्हरचा. माझ्या मते आमच्या धंद्यातल्या कितीतरी माणसांवर असा खोटा ठपका बसला असेल, आणि त्यातले काही जण आपली बाजू सांगायला उरलेही नसतील.

टाकी भरलेली असणं हेच मला फसवत होतं. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑईल खाली उतरतं, टाकीतली पातळी घटते. ते ऑईल कुठंही गेलेलं नसतं. आपण वरून भरतो, आणि नवे पॅड टाकून पिस्टन मागं ढकलला की टाकी उतू जाते. तेव्हा पातळी खाली दिसली तर बाटली उघडण्याआधी पॅड बघायचे. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर ते गळतंय, आणि ते कुठं गळतंय हे शोधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा ड्रमच्या खालच्या कडेला चिकट काळी धूळ जमली, तर समजावं ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं वायसर, म्हणजे ऑईल अडवून धरणारं रबर, गेलं. आत गेलेलं पाणी सिलिंडरला गंज चढवतं, त्या खरबरीत जागेवर वायसर कापलं जातं. ऑईल लायनरवर उतरलं की ते चाक धरतच नाही.

आता आम्ही हे काम घरीच करतो, वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास पाऊस पूर्ण गेल्यावर. गाडीच्या पुस्तकात साधारण दोन वर्षांची मुदत असते. पण लोड घेऊन रोज घाट उतरणाऱ्या पंधरा वर्षांवरच्या गाडीला मी दोन वर्षं थांबत नाही. डॉट ४ च्या अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या लागतात. दोन्ही मिळून मला गेल्या वेळी सहाशेच्या आत पडल्या. सुट्टं ऑईल घ्यायचं नाही, आणि गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटलीही वापरायची नाही. झाकण उघडलं त्या क्षणापासून ती पाणी प्यायला लागते. टाकीच्या झाकणावर कुठलं ऑईल ते लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल तर थेंबभरही नाही. आमच्या शेजारच्या गावात एकाने रात्री अडचणीत इंजिन ऑईल ओतलं होतं. दोन दिवसांत आतली सगळी रबरं फुगली, ब्रेक सुटेनात, चाकं तापून लाल व्हायला आली. मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागलं.

कामाच्या आदल्या संध्याकाळी मी चारही निपलवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवतो. जुन्या गाडीत निपल गंजून बसलेला असतो आणि जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. माझा संशय आहे की बरेच मिस्त्री ऑईल बदलायचं टाळतात ते याच भीतीने. स्प्रे मारायचा, सकाळी पान्याने हलकेच ठोकायचं, आणि नेमक्या मापाचा बंद रिंग पानाच लावायचा. काम झाल्यावर निपलवर रबरी टोपी बसवली की पुढच्या वर्षी तो निमूट सुटतो. ती टोपी पाच-दहा रुपयांना मिळते.

मुलगा केबिनमध्ये बसतो, मी चाकापाशी. आधी टाकीतलं जुनं काळं ऑईल मोठ्या सिरिंजने ओढून काढायचं आणि नवीन भरायचं, म्हणजे घाण सगळ्या लाइनमधून फिरत नाही. मग सगळ्यांत लांबचं चाक पहिलं. माझ्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मी म्हणतो ‘दाब’. तो सावकाश दाबतो आणि म्हणतो ‘दाबलं’. मी निपल अर्धा फेरा सोडतो, नळीतून काळं ऑईल बरणीत येतं, त्याचा पाय खाली जातो. मी निपल आवळतो आणि मगच म्हणतो ‘सोड’. हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय वर आला, तर गाडी बाहेरची हवा आत ओढते आणि सगळं काम पहिल्यापासून. नळीचं टोक बरणीतल्या ऑईलमध्ये बुडलेलं ठेवतो, म्हणजे बुडबुडा आला की डोळ्यांना दिसतो. दर आठ-दहा वेळांनी उठून टाकी बघायची. ती रिकामी झाली की हवा वरून शिरते. काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं पिवळं आणि पिवळ्याचं मधासारखं झालं, बुडबुडा नाही, की ते चाक झालं.

मिस्त्रींनी सांगितलेली एक युक्ती मी कुठंच लिहिलेली पाहिली नाही, म्हणून मुद्दाम देतो. पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, म्हणजे पाय पार तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये वायसर वर्षानुवर्षं ठरावीक अंतरातच फिरलेलं असतं. त्याच्या पलीकडच्या भागावर गंजाचा थर असतो. ऑईल बदलताना पेडल तळापर्यंत दाबलं की वायसर त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. मग लोक म्हणतात, ऑईल बदललं आणि ब्रेक बिघडले, होतं ते बरं होतं. माझ्या ठोकळ्याची जाडी दोन इंच आहे, बाभळीचा आहे. आणखी एक : बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपाशी लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाकं जॅकवर लोंबकळत ठेवली तर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या लाइनमधून ऑईल नीट येत नाही. चाकं जमिनीवर ठेवूनच काम करायचं. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्यातलंही ऑईल त्याच वेळी बदलून टाकावं.

हे ऑईल रंग खातं. पत्र्यावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पोटात गेलं तर विष आहे, म्हणून पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका, घरात लेकरं असतात. जुनं ऑईल ओढ्यात किंवा विहिरीकडे न टाकता मी गॅरेजवाल्याच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात देतो. आणि वॉशिंग सेंटरवर इंजिन धुताना ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर थेट प्रेशरचा फवारा मारू देऊ नका.

चालवण्याबद्दल मी उपदेश करणार नाही, कारण माझीच चूक वर लिहिली आहे. फक्त ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडण्याची जी पद्धत आमच्यातले काही जण अजून पाळतात ती कृपा करून सोडा. इंजिन बंद झालं की पायाच्या जोराला मदत करणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम मिळत नाही. दोन-तीन वेळा पाय मारला की पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. वाचलेलं डिझेल किती? शंभर-दीडशे रुपयांचं.

आता मागणीचं बोलतो. आमच्या मालवाहू गाड्यांना आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे आमच्या भाषेत पासिंग, करून घ्यावं लागतं. माझी गाडी २०१८ च्या उन्हाळ्यात पासिंगला उत्तीर्ण झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये हा प्रकार घडला. तपासणाऱ्याची त्यात चूक म्हणता येणार नाही. रिकाम्या, थंड गाडीचा ब्रेक लागतो का हे बघितलं तर माझ्या गाडीचा लागतच होता. रोलरवर यंत्राने तपासला असता तरी लागला असता. ऑईलमधलं पाणी तिथं दिसत नाही. ते दिसण्यासाठी पेनाएवढं एक उपकरण मिळतं. त्याची दोन टोकं टाकीतल्या ऑईलमध्ये बुडवली की हिरवा, पिवळा, लाल असा दिवा लागतो. काही शे रुपयांत येतं. प्रयोगशाळेइतकं ते अचूक नाही आणि टाकीतलं ऑईल चाकाजवळच्या ऑईलपेक्षा चांगलंही असू शकतं, हे मान्य. पण लाल दिवा लागलेली गाडी घाटात जाऊ नये एवढं तर ते सांगतंच. पासिंगच्या वेळी दहा वर्षांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीची ही एका मिनिटाची तपासणी सक्तीची करावी, अशी माझी परिवहन खात्याला विनंती आहे.

बाजार समित्यांनीही मनावर घेतलं तर खूप होईल. नारायणगावला टोमॅटोच्या हंगामात किती पिकअप रांगेत तासन्‌तास उभ्या असतात ते आपल्या वार्ताहरांनी पाहिलेलं आहे. त्या रांगेतच एक माणूस ते पेन घेऊन फिरला तरी दिवसाला शेकडो गाड्या तपासून होतील. त्यासाठी वेगळं शिबिर, मंडप, पाहुणे काही नको.

आणि गाडीमालकांना हात जोडून सांगणं आहे. माझी गाडी माझी स्वतःची आहे, मी ठरवलं तेव्हा ऑईल बदललं. पण रस्त्यावरच्या बऱ्याच पिकअप मालकाच्या असतात आणि चालवणारा महिन्याच्या पगारावरचा विशी-पंचविशीतला पोरगा असतो. तो ‘ब्रेक ऑईल बदलायचंय’ म्हणाला तर ‘टाकी भरलेली आहे ना?’ असं उत्तर मिळतं. मीही २०१८ पर्यंत हेच उत्तर दिलं असतं. टायरला हजारो रुपये घालताना आपण हात आखडत नाही. हे सहा-सातशे रुपये त्या पोराच्या जिवाचे आहेत.

संपादकसाहेब, आपल्याला एकच विनंती. यापुढं ‘ब्रेक निकामी’ अशी बातमी आली की वार्ताहराला आणखी तीन प्रश्न विचारायला सांगा : गाडी किती सालची, लोड किती, आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर मिळालं नाही’ असं छापा. ते वाचून दुसऱ्या दिवशी चार जण बॉनेट उघडून बघतील.

मिस्त्री आता राहिले नाहीत. २०१८ साली माझ्या गाडीतून निघालेलं ते काळं ऑईल त्या काचेच्या बरणीतच मी झाकण घट्ट लावून ठेवलंय. शेडमधल्या फळीवर, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. तिच्या शेजारी दुसरी बरणी आहे, त्यात गेल्या दिवाळीला काढलेलं ऑईल. ते अजून पिवळं आहे. ओतूरच्या गुरुवारच्या बाजारादिवशी मी दुपारपर्यंत घरी असतो. ज्या पिकअपवाल्याला दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतील त्याने यावं. स्वतःची गाडी घेऊन आला तर बाभळीचा ठोकळा आणि नळी माझ्याकडे आहे, ऑईलच्या दोन बाटल्या तेवढ्या त्याने आणाव्यात.

आपला नम्र,
एक वाचक व पिकअपचालक
ओतूर परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे